आदल्या दिवशीचा आकडा

सिंदी मेघे,
१३ मे २०२५

प्रिय पुनाजीस,

मोतीलालचा जय सेवा.

अक्षर ओळखलं असशील. फाडू नकोस, आधी वाच! तू, जिजावहिनी, पोरंबाळं सगळे बरे असाल. आमच्याकडे अनुसयाचे गुडघे सोडले तर ठीक आहे. उन्हाचं तुला मी काय सांगावं? माझ्याआधी तूच आकडा सांगशील.

एकतीस वर्षांनी लिहितोय, कारण राहवतच नाही. पुनाजी, तू बरोबर होतास! हे मी एकटा नाही म्हणत, कॉम्प्युटर म्हणतोय!

आता नीट सांगतो. माझी नात मयुरी नागपूरला हवामानाचा अभ्यास करते. आपलं अल्लीपूरजवळचं हवामान केंद्र बंद पडलं तेव्हा रजिस्टरं रद्दीत निघाली होती. मी ती पेटीत भरून घरी आणली. कशाला आणली, असं अनुसया दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते आणि मी दर दिवाळीला विषय बदलतो. परवा मयुरीनं पेटी उघडली आणि पोरगी नाचायलाच लागली. अकरा वर्षांचं रोजचं कमाल तापमान, एक दिवस तुझी सही, एक दिवस माझी!

तिच्याकडे मॉडेलचे आकडे आहेत. उपग्रह, फुगे, जहाजं, मिळतील तिथल्या जुन्या नोंदी घेऊन कॉम्प्युटर गणित करतो आणि सांगतो, अमक्या दिवशी तुमच्या भागात एवढं तापमान असलं पाहिजे. केंद्रात पाय न ठेवता! मी म्हटलं, हा तर आपल्या साहेबांसारखाच झाला. ती हसली आणि आपले आकडे त्याच्या शेजारी मांडायला बसली.

मॉडेल आपल्यापेक्षा साधारण दीड अंश कमी सांगतं. मयुरी म्हणाली, चालतं. दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तरी रोज तेवढाच असला म्हणजे झालं. आणि तो तेवढाच आहे रे! पडद्यावर फरकाची रेघ सुतासारखी सरळ. मी उठून टाळ्या वाजवल्या. अनुसयाला वाटलं, मॅच लागली आहे.

मग चौदा ठिकाणी रेघ उडाली. चौदाही दिवस तुझ्या सहीचे.

"आजोबा, हे पुनाजी कोण?" मयुरी म्हणाली. "यांनी या दिवसांना आदल्या दिवशीचाच आकडा उतरवलाय. यांचे सगळेच दिवस गाळावे लागतील."

साहेबही हेच म्हणाले होते ना, चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात? आदल्या दिवशी माझी सही, ४५.६. दुसऱ्या दिवशी आभाळ, हिंगणघाटला गारा, आणि तुझी सही, पुन्हा ४५.६. "घरी बसून लिहितोस का?" तू म्हणालास, "थर्मामीटरनं दाखवलं तेच लिवलं, साहेब. मी काऊन खोटं लिवू?" आठवड्याभरात तुला कामावरून काढलं.

मी मयुरीला म्हटलं, आधी चहा घे. चहा संपला तरी ती गाळायलाच निघाली. तेव्हा म्हटलं, ते चौदा दिवस आदल्या दिवसापेक्षा गार होते की गरम, तेवढं तुझ्या मॉडेलला विचार.

चौदाच्या चौदा गार! उतरवणारा माणूस फक्त गार दिवस कशाला निवडेल? तापत्या दिवसांचा तुझा एकही आकडा चुकलेला नाही.

मग तिला थर्मामीटर समजावला. ताप बघायच्या थर्मामीटरसारखा पारा चढतो आणि तिथंच अडकतो. वाचून झालं की झटकून खाली आणायचा. न झटकता ठेवला आणि दुसरा दिवस गार निघाला, तर तो कालचाच आकडा दाखवतो. दुसरा दिवस जास्त तापला तर पारा आपोआप पुढे सरकतो, कोणाला काही कळत नाही. वाचणारा बिचारा समोर दिसतं ते लिहितो.

"म्हणजे चूक आदल्या दिवशीच्या माणसाची!" मयुरी ओरडली. आनंदानं ओरडली रे ती. मग तिनं आदल्या दिवसाची सही बघितली.

पहिल्याच वर्षी झटकताना माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता, तुला आठवत असेल. साहेबांनी सगळ्यांसमोर सोलून काढलं होतं मला. तेव्हापासून झटकायची धास्तीच घेतली. बहुतेक दिवस झटकायचो, एखाद्या दिवशी नाही. उद्या पुनाजी झटकेलच, असं मनाला सांगून घरी जायचो.

साहेबांची जीप आली त्या सकाळी तू मला थर्मामीटरच्या पेटीपाशी विचारलंस, "मोतीलाल, त्या दिवशी पारा झटकलता ना तू?" मी म्हटलं, "झटकला ना बे! मले काऊन विचारून राह्यला?" तू मान डोलावलीस. साहेबांपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि मी माझ्या चपलांकडे बघत उभा राहिलो. तुझी नोकरी गेली. माझी पुढे एकवीस वर्षं चालली. मला लाज वाटते, पुनाजी.

मयुरीनं कागद पुढे केला. चौदा तारखांपुढे मी माझ्या हातानं लिहिलं: आदल्या संध्याकाळी पारा झटकला नव्हता, जबाबदार मोतीलाल. खाली सही केली. ते चौदा आकडे बाजूला राहतील, पण तुझा बाकीचा एकही दिवस आता गाळला जाणार नाही! आणि ऐक, ती म्हणते, तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ आहे.

ती रेघ तुला दाखवायला ती पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन अल्लीपूरला येते आहे. तिला भाकरी खाऊ घाल. मी मात्र तू "येजो" म्हटलंस तरच येईन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं.

नाई, पुनाजी. नव्हता झटकला.

'तुझा' लिहायला हात धजत नाही,
मोतीलाल