व्याह्यांच्या रायफलीची दुर्बीण

रेडमंड, वॉशिंग्टन राज्य
रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

श्री. चारुदत्तराव,

तीर्थरूप लिहावे तर आपण माझ्याहून अकरा महिन्यांनी लहान, आणि चिरंजीव लिहावे तर आपण सुलभाचे थोरले बंधू. सत्तावीस वर्षे या पेचात माझ्या पत्राची पहिली ओळ अडते आहे. यंदा वय बाजूला ठेवून नात्याला प्राधान्य दिले आहे. वाकून केलेला नमस्कार स्वीकारावा. आपला गुडघा कसा आहे? (उजवा. डाव्याची चौकशी मागील पत्रात झाली.) सौ. शरयूवहिनींचा रक्तदाब आटोक्यात असेल असे धरून चालतो. इकडे एरवी पावसाचा असणारा ऑक्टोबर उजाडला तरी पाऊस नाही; इथले लोक आकाशाकडे असे पाहतात, जणू कोणी त्यांना फसवले आहे. सुलभाची प्रकृती उत्तम. माझी उत्तमाहून किंचित अधिक, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच लेखणी हाती घेतली आहे.

आपले सप्टेंबरचे पत्र पोचले. नंदाच्या लग्नाला न येण्याची आपण तीन कारणे दिली आहेत. पहिले गुडघा. दुसरे रजा मिळत नाही (आपण मार्चमध्ये निवृत्त झालात, तेव्हा हे कारण मी दप्तरी दाखल करून घेतलेले नाही). तिसरे, जे मला खरे वाटते, ते आपल्याच शब्दांत उतरवतो: "ज्या व्याह्याशी बोलायला चार वाक्ये सापडणार नाहीत, त्याच्या घरी आपली भाची जाणार, आणि मामाने तिच्या पाठीशी उभे राहून ते मुकाट्याने पाहायचे, हे माझ्याने होणार नाही." सहा डिसेंबरला मंगलाष्टके सुरू होतील तेव्हा नंदाच्या मागची ती जागा रिकामी राहू नये, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. आणि आपले तिसरे कारण रद्द झाले आहे हे कळवताना मला इतका आनंद होतो आहे की मी दोनदा शाई सांडली. चारुदत्तराव, विषय सापडला! असा विषय सापडला की आता वेळ अपुरा पडतो!

क्रमाने सांगतो. व्याह्यांचे नाव वेंडेल हॉक. वय एकसष्ट. आयुष्यभर लाकूडतोडीच्या कामावर होते, आता निवृत्त. इथून तासाभरावर डोंगरात राहतात. घराभोवती देवदारांसारखी उंच झाडे इतकी दाट की दुपारी बाराला दिवा लावावा. चिरंजीव केविन, म्हणजे नंदाचा नियोजित वर, शाळेत गणित शिकवतो, त्याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. पहिल्या भेटीत आम्ही दोघे बाप समोरासमोर बसलो आणि, आपले भाकीत खरे ठरवत, चाळीस मिनिटे गप्प राहिलो. हवामान तीन मिनिटांत संपले. मी विमानाच्या सुट्या भागांच्या खरेदी खात्यात आहे असे सांगितले, ते म्हणाले, "यप." मग बराच वेळाने, खिडकीबाहेर पाहत, त्यांनी आपणहून एक संपूर्ण वाक्य उच्चारले: गेल्या शिकारीच्या हंगामात हरण समोर उभे होते, पण डोळ्यांमुळे रायफलीची नेम धरायची मागची खाच धूसर दिसली आणि नेम चुकला. एवढेच. पण मी ते वाक्य लगेच (स्वच्छतागृहात जाऊन) टिपून घेतले.

आपण म्हणाल, आपल्या घरात अंडेही पाच वर्षांपूर्वीच आले, आणि तुम्ही हरणाचे काय टिपता? आक्षेप मान्य आहे. तथापि साखरपुड्यात व्याह्यांचा मान करायचा असतो, आणि मान द्यायचा तो घेणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहून. शेला आणि नारळ होताच; पण शेल्याचे वेंडेल काय करणार? त्यांच्या रायफलीवर दुर्बीण बसवून दिली तर त्यांची दृष्टी त्यांना परत दिल्यासारखे होईल, हा विचार मला गाडी चालवताना सुचला आणि मी आमचे वळण चुकून थेट पुढच्या बेलव्ह्यू गावाला पोचलो.

आता माझी खरेदीची पद्धत आपण जाणता. तीन लेखी दरपत्रके आणि एक तुलनात्मक तक्ता यांवाचून मी आजवर टाचणीही घेतलेली नाही. (किंमत हा रकाना मात्र यावेळी मुद्दाम गाळला, मानपानात तो रकाना नसतो.) तेव्हा प्रथम वाचनालयात पाच शनिवार बसलो. माझी समजूत अशी होती की दुर्बीण जितकी शक्तिमान तितकी उत्तम, आणि वाघाची मिशी मोजता येईल अशी काहीतरी नऊपट, बारापट वस्तू घ्यावी. किती अज्ञान! दाट जंगलात हरण पन्नास पावलांवर अचानक उभे राहते. नऊपट दुर्बिणीतून शंभर यार्डांवरचा जेमतेम तेरा फुटांचा तुकडा दिसतो. त्यात आपल्याला हरण दिसत नाही, हरणाचे बरगडीवरचे केस दिसतात, आणि ते हरणाचे की झाडाच्या सालीचे हे ठरेपर्यंत हरण निघून जाते. याउलट कमी शक्तीची दुर्बीण, जिचे प्रमाण दीडपट ते पाचपट असे कडे फिरवून बदलता येते, ती दीडपटीवर ठेवली तर सत्तर फुटांचा देखावा डोळ्यांपुढे उघडतो! दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते! मोकळे रान लागले की कडे फिरवायचे आणि तीच वस्तू पाचपट होते. हे वाचले त्या दिवशी मी वाचनालयात मोठ्याने "वा!" म्हणालो आणि तेथील बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले.

तक्त्यात एकूण चौदा रकाने झाले: वजन, लांबी, दोन्ही टोकांचा देखावा, भिंगाचा व्यास, संधिप्रकाशातील स्वच्छता, आत पाणी शिरण्याची शक्यता, हमी वगैरे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळा दुर्बिणीपासून किती अंतरावर ठेवायचा ते. (हे अंतर कमी असेल तर बार उडताना दुर्बीण मागे येऊन भुवईवर चंद्रकोर कोरते. वाचनालयात तिचे छायाचित्र होते. चारुदत्तराव, ज्याच्या घरी आपली मुलगी द्यायची त्याच्या कपाळावर खूण आपण उमटवायची?) नंदाने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "बाबा, यू आर नॉट बाइंग अ सॅटेलाइट." मी म्हटले, उपग्रह घेणे सोपे असते, त्याला व्याही नसतात.

मग दुकान. दुकानदाराचे नाव अर्ल. त्याच्याकडून मी लेखी दरपत्रक मागितले तेव्हा त्याने आपल्या सहकाऱ्याला मागच्या खोलीतून बोलावून मी कसा दिसतो ते दाखवले. पण माणूस सज्जन. त्याने विचारले, रायफल कोणती? मी म्हणालो, तपकिरी. तो म्हणाला, "वेल, दॅट नॅरोज इट डाउन." आता हे मी का विचारले नव्हते ते आपणच समजू शकाल. मानाच्या वस्तूसाठी घेणाऱ्याकडे मापे मागणे शोभत नाही. विहिणीला पातळ घेताना आपण तिच्या कंबरेचा घेर विचारतो काय? अर्लला ही अडचण समजावून सांगण्यात वीस मिनिटे गेली. शेवटी त्याने दोन्ही हात वर केले, आणि मी त्याचा अर्थ संमती असा घेतला.

दोन दुर्बिणी (परत करण्याच्या अटीवर) चाचणीसाठी घरी आणल्या. रायफल नसल्याने एक सुलभाच्या लांब दांड्याच्या झाडूला सुतळीने बांधली, आणि शनिवारी सकाळी साडेदहाला गॅलरीत बसून वाहनतळावरील वस्तूंचे निरीक्षण सुरू केले. दीडपटीवर एकूण एकवीस मोटारी दिसल्या. पाचपटीवर समोरच्या इमारतीतील एक बाई दिसल्या, त्या माझ्याकडेच पाहत होत्या आणि त्यांच्या हातात टेलिफोन होता. सात मिनिटांत दोन पोलीस आले. पुढचा तपशील लिहू नये असे सुलभाने सांगितले आहे, म्हणून इतकेच कळवतो की मी झाडू जमिनीवर ठेवला, दोन्ही हात डोक्यावर ठेवले, आणि सुलभा आतून पोळपाट घेऊन बाहेर आल्यामुळे परिस्थिती क्षणभर अधिक बिघडली. खुलासा झाल्यावर मात्र थोरल्या पोलिसाने झाडू उचलला, दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाला की जंगलासाठी हीच, दुसरी परत करा. बिनपगारी, निःपक्षपाती आणि गणवेशातील मत! मी ते तक्त्यात तळटीप म्हणून जोडले. (नंदा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फक्त केविनमार्फत बोलली.)

दसऱ्याला ती दुर्बीण पाटावर मांडली. शेजारी माझे फौंटन पेन आणि सुलभाचा मिक्सर. हळदकुंकू वाहिले, भिंगाला लागू दिले नाही. दुसऱ्या दिवशी साखरपुडा. चांदीच्या तबकात शेला, नारळ आणि दुर्बीण ठेवून मी व्याह्यांपुढे धरले आणि तोंडपाठ केलेले सहा वाक्यांचे इंग्रजी भाषण केले. वेंडेलनी खोके उघडले. दुर्बीण हातात घेतली. उलटसुलट पाहिली. मग केविनकडे पाहिले. केविनने चपलांकडे पाहिले. विहीणबाई लोइस यांनी छताकडे पाहिले. मला वाटले, आनंदाने वाचा गेली.

नाही. वेंडेलनी दुर्बीण खाली ठेवली, अदृश्य रायफल हाती घेतली, खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली, आणि एक बोट रायफलीतून सरळ वर, हवेत उडवले. पुन्हा तेच करून दाखवले. मग केविनने हळू आवाजात खुलासा केला: बाबांची रायफल वडिलोपार्जित आहे, ती रिकामे काडतूस बाजूला नव्हे, डोक्यावरून वर फेकते. दुर्बीण बरोबर त्या वाटेत येते. बसवता येणार नाही. बाजूला सरकवून बसवायची तर भोके पाडावी लागतील, आणि आजोबांच्या रायफलीला बाबा भोक पाडणार नाहीत.

चौदा रकाने, चारुदत्तराव! चौदा रकाने आणि पंधरावा, जो पहिला असायला हवा होता, तो नाही. मी दुर्बिणीची कुंडली काढली, तिचे चौदा गुण जमवले, आणि जिच्याशी तिला नांदायचे ती रायफल पाहिलीच नाही. तबक धरलेले माझे हात तसेच राहिले. सुलभाने ते काढून घेतले. आपण जे म्हणाला होतात ते मला त्या क्षणी आठवले, आणि वाटले, झाले. नंदाच्या सासरी माझी ही ओळख कायमची.

तेवढ्यात वेंडेल उठले, दुर्बीण घेऊन खिडकीशी गेले, कडे फिरवत बाहेर बराच वेळ पाहत राहिले, मग मला खुणेने बोलावले. समोरच्या पाइनच्या शेंड्यावर एक गरुड बसला होता. आधी त्यांनी पाहिला, मग मला दाखवला, दीडपटीवर आणि पाचपटीवर. "ब्यूटी," ते म्हणाले. गरुड की दुर्बीण, ते मी विचारले नाही. गेल्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो तर त्यांनी मला परसातल्या शेडमध्ये नेले, आणि तिथे आम्ही सहा तास बोललो. सहा! भिंगांबद्दल, काडतूस बाजूला फेकणाऱ्या नव्या रायफलींबद्दल, डोळ्याच्या अंतराबद्दल. या दुर्बिणीला अनुरूप अशी नवी रायफल घ्यावी हे उभयपक्षी ठरले असून तक्ता करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पुढल्या शनिवारी हंगाम सुरू होतो आहे, मला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि मी इतका उत्साहात गेल्या वीस वर्षांत नव्हतो.

तरी आपले तिसरे कारण निकालात निघाले असे समजून आपण यावे. वहिनींसह यावे. गुडघ्यासाठी मांडवात खुर्चीची सोय होईल, मात्र मंगलाष्टकांपुरते उभे राहावे लागेल.

आपला,
हेमचंद्र

ता. क. — नंदाला मी विचारले की मामा आला नाही तर? ती म्हणाली, "देन नोबडी स्टँड्स देअर." दुसऱ्या कोणाला उभे करायची सूचना तिने ऐकूनही घेतली नाही. हे आपल्यावर दडपण आणण्यासाठी लिहीत नाही. (आणण्यासाठीच लिहीत आहे.)

ता. क. २ — दादा, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायच्या आधी मी पत्र वाचलं. सहा तास बोलले ते एकटे हेच. मी तिथेच लोइसबरोबर बीन्स निवडत बसले होते. वेंडेल मोजून दोनदा "यप" म्हणाला, आणि नवी रायफल घ्यायचं त्याने अजून ठरवलेलं नाही, यांनी ठरवलंय. चार वाक्यं काही झाली नाहीत, तुझंच खरं. पण दादा, सहा तास तो माणूस यांच्यासमोरून उठून गेला नाही. मध्येच यांना थंडी वाजायला लागली तर न बोलता स्वतःचा कोट काढून यांच्या अंगावर टाकला आणि पुन्हा ऐकत बसला. यांचं बोलणं इतका वेळ तूही कधी ऐकलं नाहीस. अशा घरी जाते आहे नंदा. तू ये.

सुलभा