उजवीकडचा ऊस

आष्टा, रविवार, १२ जानेवारी १९७५

आजही गोल्फचा चेंडू उजवीकडं वळून उसात शिरला. म्हणून डावीकडं नेम धरला, तर आणखीच वळला. असं का व्हावं? फौजेतून निवृत्त होताना साहेबांनी दिलेल्या चेंडूंतला हा शेवटचा. दोन्ही वेळा बायकोनं तो उसातून हुडकून आणला. मग म्हणाली, "आवं, तुमी ऊस तोडताय. कोयत्यागत काठी अंगाकडं वडताय."

वीस वर्षं फौजेत काढली, हात मात्र रानातलाच राहिला. या खेपेला काठी अंगाकडं न ओढता चेंडूच्या मागोमाग पुढं लांब जाऊ दिली. चेंडू सरळ गेला, पार बांधापलीकडं. दिवस मावळेपर्यंत हुडकला, सापडला नाही. तरी वाईट वाटेना.

बायको सवयीनं उजवीकडच्या उसातच उभी राहिली होती. म्हणाली, "सरळ जाणार हाय, हे आदी सांगायचं न्हाई व्हय?"