धाकट्या भावाचा पिरॅमिड

प्रिय रघू,

आधी सवयीने ‘चि.’ लिहिलं, मग खोडलं. तुझ्या नावामागे ते आता शोभत नाही.

तुझ्या पिरॅमिडला काय लागलं ते आधी मांडतो. गोष्टीत तू लिहिलंस: एका राजाची अख्खी हयात आणि नदीकाठच्या गावातली सगळी धडधाकट माणसं. खरं लागलं ते असं. मीराचे शाळेतले नाच, जे तू फोनवर पाहिलेस. सुधाच्या माहेरची लग्नं, जिथे ती एकटीच गेली. माझ्याकडचं रविवारचं जेवण, जे तुझ्यासाठी झाकून ठेवायचं आणि संध्याकाळी मी संपवायचं. आणि छातीतली ती कळ, जिला तू शेवटपर्यंत ॲसिडिटी म्हणत राहिलास. एवढ्यात उभा राहिला बघ पिरॅमिड!

आज लिहायला बसलो, कारण तू गोष्ट लिहिलेला तो कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आला. तू गेल्यावर आला. तुझी मीरा तो घेऊन अंबत्तूरला माझ्या घरी आली. म्हणाली, “पेरियप्पा, अप्पाचा पिरॅमिड बघायचा ना? शेवटी सगळ्यांची नावं येतात. अप्पाचंही येणार.” मला काका नाही, पेरियप्पाच म्हणते अजून. तुमच्या घरात मराठी फक्त रागावण्यापुरती उरली होती, त्याला पोर काय करणार?

तुमच्या वेलचेरीत पुराचं पाणी शिरलं होतं ते आठवतं? मी कारखान्याचा टेम्पो घेऊन तुम्हाला काढायला आलो. सुधा आणि मीरा पिशव्या घेऊन जिन्यात उभ्या, आणि तू पलंगावर मांडी घालून लॅपटॉप बडवतोयस. “अण्णा, पाच मिनिटं. राजा मरायचाय अजून.” मी ओरडलो, “अरे, मेला असता तो आपोआप, चार हजार वर्षं झाली!” तू हसलास, पण उठला नाहीस. राजाला मारूनच टेम्पोत बसलास.

आपले पूर्वज तंजावरला कोणाच्या काळात आले, हे तुला कधी धड सांगता आलं नाही. इजिप्तच्या पिढ्या मात्र तोंडपाठ! त्याही खोट्या, तूच रचलेल्या.

पण रचल्या होत्यास बेट्या झकास. पहिल्या भागात तो नुसता एका राजाचा पिरॅमिड होता. दुसऱ्यात चोरांनी फोडला. आणि या तिसऱ्यात तू गुपित उघडलंस, की राजाने तो बांधलाच नव्हता. बांधला त्याच्या धाकट्या भावाने. थोरल्याने दारावरचं त्याचं नाव छिन्नीने तासून काढलं आणि स्वतःचं कोरलं. ‘ज्याचं नाव पुसलं, त्याला परलोकात घास मिळत नाही,’ असं तो म्हातारा पुजारी सांगतो. खेळणाऱ्याने ते पुसलेलं नाव शोधून परत बसवायचं, तेव्हा कुठे आतलं दार सरकतं.

रघ्या, हा टोमणा मला होता का रे? कारखान्याच्या पाटीवर माझं एकट्याचं नाव आहे, खरंय. पण “वॉशरच्या खोक्यावर माझं नाव नको” असं तूच म्हणाला होतास ना?

असो. मीराने नाव बसवलं, दार उघडलं, खेळ संपला आणि नावं वर सरकायला लागली. पोरगी पडद्यासमोर गुडघ्यांवर बसली. चित्रं काढणारे, वाद्यं वाजवणारे, हिशेब बघणारे, जेवण पुरवणारे. खेळ तयार होत असताना ज्यांच्या घरी बाळं झाली, त्या बाळांचीसुद्धा नावं होती! जन्मलेल्यांची होती. मेलेल्याचं नव्हतं.

“परत लावते,” मीरा म्हणाली. परत पाहिलं. “स्पेलिंग वेगळं लिहिलं असेल.” पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या सेंथिलला फोन लावला. बिचारा चाचरत म्हणाला, “अण्णा, पॉलिसी आहे. रिलीजच्या दिवशी जो नोकरीत असेल त्याचंच नाव येतं.”

“म्हणजे माझा भाऊ काय राजीनामा देऊन गेला?”

“मी काय करू, अण्णा?”

तो खरंच काय करणार! पण मालकांना सांग म्हणालो. पुसलेल्या नावाची गोष्ट विकता, आणि ती लिहिणाऱ्याचंच नाव पुसता? त्याच्या राजाने निदान छिन्नी तरी उचलली होती. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

फोन ठेवला तर मीरा डोळे पुसत ते शेवटचं दार पुन्हा उघडत होती, आणि माझे कान टवकारले. माझे कान तुला माहीत आहेत. पत्र्यातून वॉशर कापणारे दहा प्रेस धडधडत असताना कोणत्या डायची धार गेली, ते मी जिन्यातून सांगतो. शाळा सुटली तेव्हा माझ्याजवळ हेच भांडवल होतं, आणि त्यांनी आजवर मला एकदाही दगा दिलेला नाही. त्या दाराचा आवाज आला: आधी घरघर, मग दम धरल्यासारखी शांतता, मग धप्प. अरे, हा तर आपला जुना प्रेस! क्लच उशिरा धरणारा! आयुधपूजेच्या आदल्या दिवशी तू त्याच्यासमोर फोन धरून उभा होतास, तेव्हा मी विचारलं होतं, “काय रे, मुलाखत घेतोस का त्याची?”

मीराला जवळ ओढलं. “ऐक. हा आपला प्रेस आहे. तुझ्या अप्पाने नेऊन बसवलाय तिथे. नाव पुसतील, हा आवाज कोण पुसणार?” तिने स्पीकरला कान लावला. त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, “मला खरा दाखवा ना, पेरियप्पा.” दुसऱ्याच दिवशी नेलं. प्रेसच्या पत्र्यावर तळवा टेकवून किती तरी वेळ उभी होती.

तो प्रेस मी भंगारात काढणार होतो. नाही काढणार. माझ्या जिवात जीव आहे तोवर तो चालेल, आणि दर आयुधपूजेला त्याला गंध आणि हार मीराच्या हातचा. हा शब्द तुला.

तुझा,
अण्णा

ता. क. पत्र लिहून चार दिवस झाले. काल सेंथिलला त्या आवाजाचं विचारलं. दारांचे सगळे आवाज तयार विकत घेतलेले असतात म्हणाला. हा तर तू नोकरीला लागण्याआधीच घेतलेला होता.