आठवा श्वास

२ जानेवारी १९९७, गुरुवार
झकास जागा मिळाली! कोपरखैरण्यात नवं कोरं रो-हाउस, वर माझी स्वतंत्र खोली, आणि स्वयंपाकाला गिरजाबाई. त्यांच्या हातची गरम भाकरी. निवृत्तीनंतर याहून काय हवं? काम एकच, दारू सोडलेल्या आठ बाप्यांवर नजर ठेवायची. इस्पितळातून यांना थेट घरी सोडत नाहीत म्हणे. नव्वद दिवस इथे राहायचं, तुर्भ्याला कामाला जायचं आणि संध्याकाळी सहाला दारात ओळीने उभं राहून माझ्या तोंडावर 'हाऽ' करायचं. दारूचा वास आला की गाशा गुंडाळायचा. तीस वर्षं जकात नाक्यावर काढली मी, ट्रकवाल्याच्या चेहऱ्यावरून माल ओळखायचो. हे बेवडे कोण लागून गेले!

६ जानेवारी, सोमवार
सकाळी गोल करून बसतात आणि 'आजचा दिवस नाही घेणार' म्हणतात. संसाराची माती केली, आता एकमेकांसाठी टाळ्या वाजवतात. श्यामसुंदर नावाचा एक बँकेतला कारकून आहे, वयाने सगळ्यांत मोठा. हा आजार आहे, असं मला समजावत होता. मी म्हटलं, मग मला कसा नाही झाला?
डोक्यात जातो तो अंकुश. वेल्डर. शनिवारी त्याचे नव्वद भरतात, रविवारी बायको न्यायला येणार, हे येता-जाता ऐकवतो. पण इथून पास झाला तरच घरात घेईन, असं तिने बजावलंय. शहाणी दिसते.

११ जानेवारी, शनिवार
धरला! शेवटच्या दिवशी! अंकुश नवा शर्ट घालून, केस चापून ओळीत उभा. 'हाऽ' केलं, आणि भपकारा. तिथल्या तिथे पिशवी भरायला लावली. रडायला लागला. "आईशप्पत सर, नाय घेतली! परत एकदा वास घ्या ना, एकदाच!" श्यामसुंदर मध्ये पडला, मी बघतो म्हणाला. बेवड्याच्या नाकावर विश्वास कोण ठेवणार? दार लावून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार
त्याची बायको संघप्रिया दहाला आली, डब्यात गोड घेऊन. मी झालं ते सांगितलं. फाटकातूनच परत फिरली. अंकुश समोरच्या बसस्टॉपवर उभा होता. त्याच्याकडे न बघता ती बसमध्ये चढली. बरं केलं.

१४ जानेवारी, मंगळवार
दिवाळे गावाजवळच्या खाडीत अंकुशचं प्रेत मिळालं. चिखलात रुतलेलं. कोळणींना दिसलं. पोटात दारूचा थेंब नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. तोवर उतरली असेल. गिरजाबाईंनी मला तिळगूळ दिला नाही. नका देऊ.

१६ जानेवारी, गुरुवार
सात जण तपासून आत सोडले. दार लावणार, तोच तोंडावर श्वास आला. गार, ओला, चिखलाच्या वासाचा. समोर कोणी नव्हतं. वारा असणार.

१७ जानेवारी, शुक्रवार
पुन्हा. सातानंतर आठवा. थोडा थांबतो, परत 'हाऽ' करतो. श्यामसुंदरला बोललो. तो म्हणाला, तुमची चूक झाली एवढं म्हणा सर, तो जाईल. मी? बेवड्याची माफी मागू?

१९ जानेवारी, रविवार
तपासणी श्यामसुंदरकडे दिली. मी वर, कडी लावून. खालून सात 'हाऽ' ऐकू आले. आठवा जिन्यात—

२० जानेवारी, सोमवार
आता सहाचीही वाट बघत नाही. जेवताना. दाढी करताना. चष्म्यावर वाफ धरते, पुसली की परत. भीती वाटते. फार भीती वाटते—

चूक झाली, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. जात नाही—

चूक नव्हती, म्हणून जात नाही.

लिहितो. खरं लिहितो. त्या शनिवारी मला पडसं होतं. नाक गच्च. दारूचा काय, कसलाच वास येत नव्हता. तो नवा शर्ट घालून— बायको न्यायला येणार— एका बेवड्याला— आणि मला न्यायला कधी कोणी—