बाळाजीचे पलटणीतले ताट

मी अंबाजी धर्माजी घरत, वय अदमासे साठ, धंदा भातशेती, राहणार मौजे मांडवा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. छातीत जळजळ आहे. वैद्य पित्त म्हणतो, पण मी तिला ओळखतो. ती माझा धाकटा भाऊ बाळाजी याच्यामुळे आहे व फार जुनी आहे.

कलम पहिले. वाटणीने आलेले राहते घर व खाजणाकडची खाचरे माझा मुलगा काळूराम यास. माझी बायको काशी हिने हयातीपर्यंत त्याच घरात राहावे. सुनेने तिला चुलीपासून उठवू नये.

कलम दुसरे. नांगर व बैलजोडी काळूरामास. बाळाजीने मागितल्यास द्यावी, पण त्याला दोनदा मागू द्यावे.

कलम तिसरे. होळीत पहिला नारळ टाकण्याचा मान आमच्या घरातल्या थोरल्याचा, म्हणजे माझा. चौदा सालच्या लढाईत बाळाजी बसऱ्याला गेला, छातीवर बिल्ला लावून परतला, आणि गावाने नारळ त्याच्या हातात दिला. मान मृत्युपत्राने देता येत नाही, असे लिहिणारे दत्तात्रेय जोशी म्हणतात. लिहा म्हटले. तो मान काळूरामाचा.

बाळाजी पलटणीत का गेला? पोरांना तो कधी सांगतो बुटांसाठी, कधी सांगतो आगबोट बघायला. गाव म्हणते, शूर. मी म्हणत आलो, लावणीचा चिखल चुकवायला. चिखल मी तुडवला, आणि आई मात्र रोज बंदरावर मचव्याची वाट बघायची. मरताना उशाशी मी होतो. तिने विचारले, "बाळू आयला का?" तेव्हापासून मी त्याच्याशी सरळ बोललो नाही.

कलम चौथे. काशाचे ताट. घरात ते एकच होते. थोरला म्हणून आई मला त्यात वाढायची, बाळाजी पानावर जेवायचा. आता तो गावजेवणालाही पलटणीतले पत्र्याचे ताट काखोटीला मारून येतो. मिरवतो म्हणून माझा तिळपापड व्हायचा. गेल्या शिमग्यात सगळ्यांदेखत विचारले, "लढाई कवाच संपली. आता ताट कोनाला दाखवतोस रं?"

तो हसला नाही. "दादा, तुला काशाचं ताट नि मला पान. भरतीवाला बोलला, पलटनीत समद्यांना येकसारखं ताट. म्हनून गेलो."

"आनि बूट?"

"बूट चावत व्हते."

म्हणजे जन्मभर मी ज्याचा हेवा केला, तो माझाच हेवा करून समुद्रापार गेला. हे कळल्यावर जळजळ थांबेल असे वाटले. उलट वाढली. त्याने हेव्यापायी मुलूख तरी पाहिला, मी जागच्या जागी जळत बसलो.

तरी माझ्या बाराव्याला अंगणात कावळ्यासाठी माझे पान वाढाल, तेव्हा तिथेच बाळाजीला काशाच्या ताटात वाढावे. पुढे ते ताट त्याच्या घरी जावे. कावळा शिवला नाही तर देवाधर्माला बोल लावू नये. माझा जीव ताटात अडकला असे समजावे. मग बाळाजीने ते काशाचे ताट उचलून जरा माझ्या पानाजवळ येऊन बसावे.

वाचून दाखवले, बरोबर आहे. साक्षीदारांनी बाळाजीला आधी सांगू नये.

मुक्काम मांडवा, तारीख १२ मे १९३४

अंबाजी धर्माजी घरत, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्ष: अनंता राघो म्हात्रे, सही
साक्ष: धोंडू हिराजी कडू, अंगठा
लिहिणार: दत्तात्रेय जोशी, सही