दसऱ्याची तारीख

८ ऑक्टोबर २०२५, बदलापूर

पोलीस आले होते. आमच्या दारात! हवालदार उंबऱ्यातूनच म्हणाला, "विष्णुपंत कोण? गाडी त्यांच्या नावावर आहे." अठरा सप्टेंबरला आमच्या पांढऱ्या गाडीने आनंदनगर एमआयडीसीत एका सायकलवाल्याला उडवलं. चालवणारा थांबलासुद्धा नाही. कुणीतरी नंबर टिपला.

ह्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, गाडी विकली. करारनामा आणून हातात दिला. हवालदाराने वाचला, परत दिला. "साहेब, ताबा दोन ऑक्टोबरला दिलाय. अपघात अठराचा. म्हणजे तेव्हा गाडी तुमच्याचकडे."

आमचा पुष्कर आत अंघोळीला गेला होता. पोलीस गेल्यावर बाहेर आला.

९ ऑक्टोबर

गाडी चौदा सप्टेंबरलाच गेली होती! संतोषने नेली. ह्यांच्या हाताखाली कंपनीत होता, अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहतो. त्याच्या आईचं डायलिसिस चालू आहे, उल्हासनगरला सारखं न्यावं लागतं, म्हणून त्याला घाई. ह्यांनी चावी दिली, पण कागद करेनात. का, तर पितृपक्ष! पितृपक्षात व्यवहाराचा कागद नको. जन्मभर कारखान्यात अधिकारी होते म्हणे.

कागद मागाहून उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये टाईप करून घेतला. टायपिस्टने विचारलं, "डेट कौनसी डालूं?" हे म्हणाले, "दसरा." कराराची तीच, ताब्याचीही तीच. वर एक कलम – ताब्याआधीचे दंड, अपघात, सगळी जबाबदारी विकणाऱ्याची. तेही वाचून, चष्मा लावून सही केली.

पितर खूश झाले असतील. आता ते येणार आहेत का जामीन राहायला?

१० ऑक्टोबर

सुरुचीकडे जाऊन आले. समोरच्या बिल्डिंगमधली, उल्हासनगर कोर्टात वकिली करते. कागद दोनदा वाचला तिने.

"काकू, करारात चूक असेल तर दुरुस्ती मागायचा हक्क असतो. दोघांकडूनही नकळत चुकीचं लिहिलं गेलं, नाहीतर एकाने दुसऱ्याला फसवलं, तर कोर्ट कागद दुरुस्त करून देऊ शकतं. पण ही चूक कुठे आहे? ही तर तुम्ही ठरवून घातलेली तारीख."

मग आता?

"संतोषने स्वतःहून लिहून दिलं, की ताबा चौदालाच घेतला, तर बरंचसं सुटेल. नाही दिलं तर नोटीस पाठवू. विमा आहे ना?"

नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपला. ह्यांचं म्हणणं, गाडी तर जाणारच आहे, नवा मालक भरेल. सुरुचीने कागदाची घडी घालून तो परत दिला. मलाच लाज वाटली.

१२ ऑक्टोबर

संतोषकडे गेले, एकटीच. घरात घेईना, जिन्यातच उभा राहिला. मान खाली.

"काकू, चौदाला नेली हे लिहून देतो. पण अठराचं मला नका विचारू."

का नको विचारू? तूच चालवत होतास ना?

नुसता पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत राहिला.

अठराचंच तर लिहून हवंय! चौदाला नेली आणि अठराला कुठे होती ते सांगणार नाही, तर त्या कागदाचा काय उपयोग? प्यायला असणार. ह्याला ह्यांनी नोकरीत चिकटवला. ह्याच्या बहिणीच्या लग्नात मी अक्षता टाकायला उभी होते. आणि आता साहेबांना पुढे करून हा मोकळा! थू.

१३ ऑक्टोबर

ह्यांच्याशी बोलले नाही. चहा ठेवला आणि आत आले.

१६ ऑक्टोबर

त्या सायकलवाल्याला बघायला गेले. जनू नाव. रात्रपाळीला चालला होता. पायात सळई घातलीय, वर्षभर तरी उभं राहून काम नाही म्हणतात. बायको स्टुलावर बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर उठून गेली नाही, ओरडली नाही. स्टूल मला दिलं. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जनू म्हणाला, "गाडी थोडी फुडं जाऊन थांबली होती. मला वाटलं उतरंल. मग गेली."

मी त्याच्या बायकोचा हात धरून सांगितलं – ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही. अगदी शब्द दिला.

१९ ऑक्टोबर

पुष्कर म्हणतो, "आई, कशाला वाढवतेस? बाबांना काय होणार आहे? काहीतरी पैसे देऊन टाकू, खतम." बापाला ठाण्यात बाकावर बसवून ठेवतात आणि ह्याला खतम करायचंय. एवढा शिकवला, नोकरीला लागला, पण एकदाही बापाबरोबर ठाण्यात गेला नाही. ऑफिस आहे म्हणे. ही आजकालची मुलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. चकल्या केल्या नाहीत. ह्यांनी विचारलंही नाही. पंधरा दिवसांत किती वाळलेत! राग येतो आणि त्या मानेकडे बघवतही नाही.

२४ ऑक्टोबर

सुरुचीने नोटीस तयार केली. ताबा चौदाला, अपघाताच्या दिवशी गाडी संतोषच्याच ताब्यात, कागद दुरुस्त करून दे, नाहीतर कोर्ट. वाचून फार बरं वाटलं. ती पोस्टाने पाठवणारच आहे, पण एक प्रत मी मागून घेतली. उद्या स्वतः नेऊन त्याच्या हातात देणार. तोंड बघायचंय त्याचं.

२५ ऑक्टोबर

संतोष घरी नव्हता. त्याच्या आईने, वेणूबाईंनी, बसवून घेतलं, चहा दिला. त्यांना कशाचाच पत्ता नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं – अठराला, गुरुवारी, डायलिसिसला गाडीनेच गेला होतात ना?

"नाय बाय, त्या दिशी रिक्षानं नेलं मला. गाडी तुमच्या पुष्करनं मागून नेलती ना, मैतराला आणायला. दुसऱ्या दिशी आणून दिली, फुडचा दिवा फुटलेला. पन संतोष एक शबुद बोलला नाय त्याला. साहेबांचा पोरगा म्हनून."

चहा संपवला. नोटीस पर्समध्येच राहिली. सुरुचीचे तीन फोन येऊन गेले, पोस्टाने टाकू का विचारायला. उचलले नाहीत.

सोमवारी ह्यांना पुन्हा बोलावलंय. गाडी कोण चालवत होतं, एवढंच विचारायचंय पोलिसांना. पुष्कर आत जेवतोय. आत्ताच म्हणाला, आई, भाजी छान झालीय.