एकाच नावाचे दाखले

सर, तुमचं ते प्रोग्रामिंगचं जाड पुस्तक तुम्ही क्लासमधल्या माझ्या मैत्रिणीला का दिलंत, मला का नाही? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हा विचारायलाही कुणी नाही. सदाशिव पेठेतल्या तुमच्या क्लासच्या त्या दोन खोल्या, भिंतीला लागून सहा कंप्युटर, आणि दारातच तुमची खुर्ची. मी मंडईत आईला भाजी लावायला मदत करून धावत येते आहे, हाताला कोथिंबिरीचा वास आहे, म्हणून कोपऱ्यातला कीबोर्ड घेते आहे. "उशीर झाला सर." "मग काय, घड्याळ मागे करू का तुझ्यासाठी?" तिला तुम्ही असं कधी बोलला नाहीत. ती कधी उशिरा आलीच नाही, हे खरं. पण तेव्हा मला ते कारण पुरेसं वाटत नव्हतं. तिच्या घरी स्वतःचा कंप्युटर होता, तरी ती यायची, आणि तुम्ही तिच्या प्रोग्रामची प्रिंट काढून दाराच्या काचेवर लावायचात. पुस्तक देताना तिला म्हणालात, "मला आता बारीक अक्षर दिसत नाही, तू घेऊन जा." मी शेजारीच बसले होते. पानांच्या कडेला तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या सगळ्या मी माझ्या वहीत उतरवून घेतल्या असत्या.

आता आम्ही दोघी हिंजवडीत एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये आहोत. मला नोकरी लागली तेव्हा आईने आजूबाजूच्या गाळ्यांवर पेढे वाटले, कारण आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिलीच. तिच्या घरी तिची आजीसुद्धा पदवीधर आहे. सध्या आमचं काम एका शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेसाठी चाललं आहे. मुलं अर्ज भरतात, उत्पन्नाचे दाखले चढवतात, आणि संस्थेच्या माणसाने एक बटण दाबलं की त्या गावच्या सगळ्या मुलांचे दाखले एका झिप फाइलमध्ये बांधून मिळायला हवेत. तुमच्या क्लासमध्ये असला कोड आपण स्वतः लिहायचो. आता त्यासाठी तयार लायब्ररी असते, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. लायब्ररीला रिकामी झिप उघडायला सांगायची, एकेक कागद नाव देऊन आत टाकायचा, शेवटी झिप बंद करायची. दाबून लहान करण्याचं गणित ती स्वतः करते. हे काम मला हवं होतं, मी तसं बोलूनही दाखवलं होतं. टीमच्या लीडने तिला दिलं. तिने ते दोन दिवसांत संपवलं आणि मीटिंगमध्ये लीड म्हणाले, "बघा, असं लिहायला शिका सगळ्यांनी." मला काचेवरची प्रिंट दिसली.

तो कोड तपासायला माझ्याकडे आला, शुक्रवारी दुपारी. छान लिहिला होता, ते मलाही म्हणावं लागेल. पण मुलाने चढवलेल्या फाइलचं जे नाव, तेच नाव ती झिपमध्येही देत होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नसणार. तिच्या घरी स्कॅनर आहे. तिच्या कागदांना ती नीट स्वतःचं नाव देत असणार. मी मात्र दाखल्यासाठी आईबरोबर तहसील कचेरीबाहेरच्या दुकानात रांगेत उभी राहिलेली आहे. तिथला माणूस म्हणायचा, "नाव काय देऊ म्हणून विचारत बसलो तर संध्याकाळ होईल ताई. सगळ्यांचं 'दाखला'च टाकतो मी." त्याच्याकडून गेलेला प्रत्येक कागद एकाच नावाचा. लायब्ररी अशा वेळी अडवत नाही. एकाच नावाच्या दहा फाइलीही ती आत घेते, फार तर कुठेतरी एक इशारा लिहून ठेवते. पण संस्थेतला माणूस ती झिप फोल्डरमध्ये उघडेल, तेव्हा प्रत्येक दाखला आधीच्या दाखल्यावर जाऊन बसेल आणि शेवटी एकच उरेल. बाकीच्या मुलांच्या अर्जावर शेरा पडेल, कागद अपुरे.

मला हे दोन मिनिटांत दिसलं, सर. आणि मी अप्रूव्ह केलं. संस्थेकडून तक्रार येईल, तेव्हा तिचं नाव घेतलं जाईल, एवढंच डोक्यात होतं. त्या मुलांचा विचार आलाच नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

सोमवारी ती चहाला भेटली. दुसऱ्या दिवशी काम संस्थेकडे जायचं होतं. "तू बघितलंस ना, मग मी निवांत," ती म्हणाली. मग तुमचा विषय निघाला. मी विचारलं, ते पुस्तक अजून वाचतेस का. "कुठलं? अगं हो, ते. असेल माळ्यावर. खरं सांगू, मी उघडलंच नाही कधी." ती हसली, मीही हसले. इतका राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. तिला मिळालं याचा नाही, तिला ते नकोच होतं याचा. जागेवर परत आले आणि त्याच रागात, तिची चूक किती मोठी निघते ते बघायला, संस्थेने चाचणीसाठी पाठवलेले अर्ज उघडले. एका तालुक्याची यादी होती. दाखला, दाखला, दाखला. खाली सरकवत गेले तरी तेच. प्रत्येक ओळीशेजारी मुलाचं नाव, आईचं नाव, आणि आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मजुरी, धुणीभांडी, भाजीविक्री.

माझा हेवा गेला असं मी लिहिणार नाही. चूक मला दिसली आणि तिला दिसली नाही, याचा आनंद आत्ताही आहे, आणि तुम्ही असतात तर तुम्हाला हेच आधी सांगितलं असतं. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणूनच लिहिता येतंय. पण टीमच्या ग्रुपवर मी सोमवारीच लिहून टाकलं: प्रत्येक दाखला अर्ज क्रमांकाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला हवा, दुरुस्ती करून जोडली आहे. त्याखाली एक ओळ होती, ती दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा तशीच पाठवली: "ही चूक मला शुक्रवारीच दिसली होती. दिसूनही मी अप्रूव्ह केलं."